अक्का, पकडी तुमच्याच होत्या

अक्का, परवा उद्योगशाळेत तुमच्यासाठी शोकसभा झाली. जाजम अंथरलं होतं, अध्यक्षांना हार होता, उदबत्ती होती, भिंतीवर फोटो होता. फोटो थोरल्यांचा, तुमच्या यजमानांचा होता. तुमचा कधी काढलाच नाही, मग लावणार कुठून, असं हे मला म्हणाले. तुमच्यावरची माती अजून नीट बसलीही नव्हती, घरात बेलाच्या पानांचा वास होता, आणि अशा वेळी भांडू नये एवढं मलाही कळतं.

मग अध्यक्ष बोलायला उठले. वकील माणूस, आवाज गोड. ते म्हणाले, "कैलासवासी शिवप्पांना परदेशी हत्यारांचा मोठा शौक. स्वीडन देशाच्या जुन्या पकडी, कातरी, पटाशा त्यांनी हौसेनं जमवल्या. त्यांच्या माघारी त्यांच्या धर्मपत्नीनं तो ठेवा देवासारखा जपला. पतिनिष्ठा म्हणतात ती हीच." लोकांनी माना डोलावल्या. मग त्यांनी काचेच्या कपाटावरचा कपडा ओढला. आत तुमची हत्यारं ओळीनं टांगलेली, कपाटाला कुलूप, आणि वर नवी कोरी फळी: शिवप्पा यांचा हत्यारसंग्रह.

माझ्या कानात कढत पाणी ओतल्यासारखं झालं.

थोरले अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत, तापानं गेले. तेव्हा मी या घरात आलेही नव्हते. मी तुमची धाकटी जाऊ होऊन आले ती त्यानंतर, आणि पहिली पक्कड या घरात आली ती मी आल्यानंतर. मेलेल्या माणसानं पकडी जमवल्या कशा, हे त्या सभेत कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. तुम्ही जमवल्या म्हटलं असतं तर मात्र सगळ्यांना नवल वाटलं असतं.

ती पेटी तुम्हाला आठवत असेलच. हे गिरणीच्या जुन्या सामानाच्या लिलावातून घेऊन आले होते. वर चार चांगले बोल्ट पसरलेले, खाली सगळा गंजलेला गाळ. फसवलं म्हणून हे इतके संतापले की पेटी परसात उपडी केली आणि तसेच आपल्या लोखंडी सामानाच्या दुकानात निघून गेले. तुम्ही शेंगा फोडत बसला होतात. हातातल्या शेंगा खाली ठेवून उठलात, त्या ढिगापाशी बसलात आणि एक लाल दगडासारखी वस्तू उचलून पदरानं पुसायला लागलात. मला वाटलं, ही बाई आता पदर वाया घालवणार.

किती दुपारी तुम्ही त्या वस्तूशी झुंजलात. राख लावून घासलीत, रॉकेलमध्ये भिजत घातलीत, करंजीचं तेल सोडलंत, पुन्हा घासलीत. आणि एका दुपारी तुमच्या हातात ती उघडली. आवाज असा नाहीच, एखाद्या माणसानं जांभई द्यावी तशी उघडली. तुम्ही ती उजेडापुढं धरलीत. दोन्ही जबडे मिटले की मधून उजेडाची एक रेघही येत नव्हती.

मला हाक मारलीत. "गौरा, तू शिकल्याली हाईस. ह्येच्यावर काय लिवलंय बग की."

सांध्यापाशी बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. माझे वडील माढ्याला शाळामास्तर, त्यांनी मला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकवलं होतं. त्या अक्षरांचा या घरात कुणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मी लावून लावून वाचलं. "स्वेडन."

"म्हंजी काय?"

"देशाचं नाव असावं, अक्का."

"इंग्रजाचा देस?"

मला ठाऊक नव्हतं. संक्रांतीला वडील आले तेव्हा तुम्हीच दाराआडून त्यांना विचारलंत. त्यांनी सांगितलं की तो मुलुख पार उत्तरेला आहे, सहा महिने बर्फ असतं. तुम्ही आत आलात, पक्कड हातात घेतलीत, मूठ वळून पाहिलीत आणि म्हणालात, "मग बरोबर हाय. गारठल्याल्या हाताला धरता यावं म्हनून मुठी आशा रुंद केल्यात. त्या लोकांनी हाताचा इचार केलाय बग."

त्या दिवसापासून तुम्ही स्वीडनच्या झालात. दुकानात नव्या पकडी कागदात बांधून यायच्या, त्यांच्याकडं तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. तुम्हाला जुनी हवी असायची, कुणाच्या तरी हातानं झिजलेली. मंगळवारच्या बाजारात चाँदभाई भंगारवाला पोतं पसरून बसायचा. तुम्ही भाजीला म्हणून निघायचात आणि त्याच्या पोत्यापाशी थांबायचात. पैसे तुमच्या हातात कुठले असणार. तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून न्यायचात आणि पदराखाली लोखंड घेऊन परत यायचात. चाँदभाईची बायको म्हणे त्या चटणीसाठी मंगळवारची वाट बघायची. टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्यांची लांब नाकाची पक्कड आली. पत्रा कापायची कातर आली. सुताराची अरुंद पटाशी आली, तिची मूठ कधीच गळून गेलेली, तुम्ही बाभळीची बसवून घेतलीत. आडव्या तोंडाची, तार तोडायची छोटी पक्कड आली, ती तर तुमची लाडकी. ती केसही तोडायची. तुम्ही माझ्याच डोक्यातला एक केस उपटून मला दाखवला होतात आणि मी ओरडले म्हणून हसला होतात.

देवळीतल्या फळीवर तुम्ही त्या मांडल्या होत्या. देवापाशी नव्हे, धान्याच्या खोलीत. अध्यक्षांना कुणीतरी सांगायला हवं होतं की देवासारखं वगैरे तुम्ही काही जपलं नाही. तुम्ही त्या वापरल्यात. घरातली एकही कडी, एकही तार, एकही डबा तुम्ही दुसऱ्या कुणाकडून नीट करून घेतला नाहीत.

आणि लक्ष्मव्वाचं नाव सभेत कुणी काढलंसुद्धा नाही.

मागच्या गल्लीतली विणकराची सून लक्ष्मव्वा. तिला सरपणातल्या विंचवानं मनगटाशी दंश केला. हात बघता बघता भोपळ्यासारखा सुजला. काचेच्या बांगड्या फोडल्या, पण चांदीचं जाड कडं मांसात रुतून बसलं. बोटं निळी पडायला लागली. सोनार करमाळ्याला देवीच्या दर्शनाला गेलेला. साबण लावून झाला, तेल लावून झालं, ओढून झालं. पोरगी कण्हायचीही थांबली होती. तुम्ही गेलात. मी मागून तुमची छोटी पक्कड कमरेच्या बटव्यात घालून आले, कारण तुम्ही जाता जाता एवढंच म्हणाला होतात, "ती घिऊन ये."

तिची सासू दारात आडवी झाली. तिचं तेलुगू मला कळत नव्हतं, पण "वद्दु, वद्दु" म्हणजे नको, नको, एवढं कळलं, आणि पुढचं तिनं मराठीत सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. विधवेच्या हातानं सवाष्णीचं लग्नातलं कडं तोडायचं नाही. माझ्या मुलाच्या जिवावर उठू नका.

मला वाटलं तुम्ही मागं फिराल. मी असते तर फिरले असते. तुम्ही तिच्याकडं पाहिलंत आणि शांतपणे म्हणालात, "हात ऱ्हायला तर कडं पुन्ना घालता यील की, अम्मा. हातच गेला तर कडं कशात घालशीला?"

ती बाजूला झाली नाही. तुम्हीच तिच्या बाजूनं वाट काढून आत गेलात. ओल्या कातड्याची पट्टी कडं आणि मांस यांच्यामध्ये सरकवलीत, तो रुतलेला काठ चाचपलात आणि दाबलंत. एकदा इकडं, एकदा तिकडं. कड्याचे दोन तुकडे तिच्या मांडीवर पडले. कातडीवर ओरखडाही नाही. पोरीनं पहिल्यांदा मोठ्यानं रडून घेतलं.

तिची सासू तुम्हाला नंतर काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. उतारा म्हणून तिनं आपल्याच दारासमोर नारळ फोडला. वर्षभर ती तुम्हाला बघून तोंड फिरवायची. तुम्ही घरी आलात, पक्कड गरम पाण्यानं धुतलीत, तेल लावलंत आणि फळीवर ठेवलीत. मी रागानं धुमसत होते. तुम्ही म्हणालात, "ल्योक एकच हाय तिला. भ्याली बिचारी." बस. एवढ्यावर तुम्ही विषय मिटवलात. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. तुम्हाला राग यायलाच हवा होता, अक्का. तुम्ही तो दर वेळी गिळलात आणि तुमच्या वाटचा सगळा माझ्याकडं साठत गेला.

लक्ष्मव्वा तुमच्या मातीला आली होती. दोन्ही हातांनी बेलाची टोपली धरून. तो हात बघत मी उभी होते.

आपलं एक भांडण राहूनच गेलं, स्वदेशीचं. मी चरखा आणला, खादी नेसायला लागले. एकदा तुमच्या फळीपुढं उभी राहून म्हणाले, "अक्का, लोक परदेशी कापडाची होळी करतात आणि आपल्या घरात परदेशी लोखंडाची पूजा चाललीय."

तुम्ही शेंगदाणे भाजत होतात. उलथनं न थांबवता म्हणालात, "स्वीडनचा राजा हितं कवा आला गं? मला तर दिसला न्हाय."

"राजा आला नाही म्हणून काय झालं? आपल्या लोहाराच्या पोटावर पाय येतोच ना?"

"आपल्या लोहारालाच दावायला ठिवलंय की मी."

ते खरं होतं. तुम्ही लांब नाकाची पक्कड लोहाराला नमुना म्हणून दिली होती. त्यानं हुबेहूब घडवली. दिसायला तीच, पण जाड तार धरली की नाक वाकायचं. लोहार म्हणाला, त्यांचं पोलादही वेगळं आहे आणि त्याला तापवून पाणी देणंही वेगळं. मी म्हणाले, आपल्यालाही जमेल एक दिवस. तुम्ही म्हणालात, "जमंल की. पर जमायच्या आदी चांगलं कसं आसतंय ते हातात तर घ्याया पायजे. न बगताच कसं जमंल?" मी काहीतरी तिखट उत्तर देणार होते, तेवढ्यात दाणे करपल्याचा वास आला आणि आपण दोघी चुलीकडं धावलो. उत्तर माझ्याकडं आहे अजून. आता कुणाला देऊ?

दुसरं भांडण कुलपाचं. मी म्हणायची, एवढी चांगली हत्यारं, कपाटात ठेवा, कुलूप लावा. तुम्ही म्हणायचात, "पडून ऱ्हायली की गंज धरत्यात. चार हातांत फिरली तरच ती जिती ऱ्हात्यात." शेवटच्या आजारात तुम्ही ह्यांना जवळ बोलावलंत. ह्यांना तुम्ही नेहमी तम्माच म्हणायचात, तुमच्या अक्कलकोटकडच्या कानडीत, धाकटा भाऊ म्हणून. म्हणालात, "तम्मा, माझी हत्यारं उद्योगशाळंत दे. पोरांच्या हातात पडू देत." मी उशाशी होते. हे म्हणाले, "देतो वहिनी." आणि दिली. काचेत, कुलूप लावून, दुसऱ्याच्या नावानं.

तर त्या सभेत मी उठले. आम्ही बायका भिंतीकडेला बसलो होतो. माझ्या शेजारणीनं पदर ओढला, तो मी सोडवून घेतला.

"साहेब," मी म्हणाले, "आमचे थोरले मानमोडीत गेले. ही हत्यारं त्यानंतर आली. जमवली ती अक्कांनी. फळीवर नाव चुकलंय."

ह्यांनी मान खाली घातली. अध्यक्ष हसले, लहान मुलीकडं बघून हसतात तसे. "बाई, तुमच्या भावना समजतात. पण पतीच्या नावात पत्नीचं नाव आलंच की. वेगळं ते काय?"

"मग पत्नीचं लिहा," मी म्हणाले. "त्यात पतीचं येऊ द्या."

कुणीतरी खाकरलं. अध्यक्षांचं हसू तसंच राहिलं पण डोळे हसेनात. तेवढ्यात मागून, चपला काढून ठेवल्या होत्या तिथून आवाज आला. चाँदभाई उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपला आला होता.

"साब, एक बात बोलूं क्या," तो म्हणाला. "इस घर के किसी मर्द को मैं एक कील बी नै बेचा. जो लेती थी सो अक्काच लेती थी. और लेने के पैले आधा घंटा मेरा दिमाग खाती थी."

एक-दोघं हसले. मला रडू आलं. त्या सगळ्या गोड भाषणांत तुम्ही पहिल्यांदा त्या खोलीत आलात ते चाँदभाईच्या तोंडून.

अध्यक्षांनी "विचार करू" म्हटलं आणि आभार मानून सभा संपवली.

घरी आल्यावर ह्यांचा तोल गेला. "चारचौघांत माझी शोभा केलीस. दादाचं नाव राहावं म्हणून केलं ना मी? दादानं मला बापासारखं वाढवलंय. त्याच्या नावाची एक फळी शहरात लागली तर तुझं काय गेलं?"

"दादांच्या नावाची धर्मशाळा बांधा. पाणपोई काढा. अक्कांचं का उचलता?"

"मी उचललं? वहिनी स्वतः म्हणायच्या. कुणीही विचारू दे, ह्या पकडी कुणाच्या, तर वहिनी म्हणायच्या, मालकांच्या. मी माझ्या कानांनी ऐकलंय. तूही ऐकलंयस."

अक्का, इथं मला माघार घ्यावी लागली. कारण मी ऐकलं होतं.

गिरणीतला मिस्त्री विचारायचा, "बाई, हे कुणासाठी?" तुम्ही सांगायचात, मालकांसाठी. मालक जाऊन वर्षं झाली होती. पाहुण्या बायका धान्याच्या खोलीत डोकावायच्या, अगंबाई म्हणायच्या, तुम्ही लगेच म्हणायचात, "आमच्या मालकांचा छंद व्हता." मग त्या हळहळायच्या, तुमच्याकडं मायेनं बघायच्या. विधवा बाई नवऱ्याची आठवण जपते, हे सगळ्यांना समजत होतं, आवडत होतं. विधवा बाईला लोखंडाची हौस आहे, तिला एखादी वस्तू नुसती आवडते, हे कुणाला खपलं असतं? तुम्ही आपल्या हौसेला दार उघडं राहावं म्हणून खोटं बोललात, आणि त्याच दारातून हे लोक तुमचं नाव घेऊन गेले.

मला तुमचा फार राग आला. अध्यक्षांचा आला नव्हता एवढा. मी धान्याच्या खोलीत गेले. फळी रिकामी होती, तेलाचे डाग तेवढे जागच्या जागी उमटलेले. एकेका डागावरून कळत होतं कुठली पक्कड कुठं होती. मी त्या डागांशीच भांडले. म्हणाले, मला तरी सांगायचं होतंत. निदान मला म्हणायचं होतंत की गौरा, हे माझं आहे. का म्हणाला नाहीत? मी काय पाहुणी होते?

मग वाटलं, तुम्ही म्हणाला होतात. दर दुपारी माझ्या हातात एकेक देऊन, ह्यावर काय लिवलंय बग म्हणून. दुसऱ्या कुणाला तुम्ही कधी वाचायला दिलं नाहीत. पुढं मोतीबिंदूनं नजर गेली तरी अंगठ्याचं नख त्या अक्षरांवरून फिरवून तुम्ही मला सांगायचात, "ही तिकडचीच." आणि मी बघून हो म्हणेपर्यंत हातातून सोडायचा नाहीत. दुपारी मला झोप यायची, कामं पडलेली असायची, पण त्या घरात माझ्या इंग्रजी तिसरीची किंमत तुम्ही एकट्यांनी केलीत. मी परक्या घरात आले होते, अक्का. तुम्ही मला त्या घरात कामाची केलीत ती स्वयंपाकामुळं नव्हे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे असंही वाटलं नाही. आता वाटतं, तर समोर तेलाचे डाग.

दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले. मी भाकरी वाढली आणि आवाज न चढवता विचारलं, "दादांनी तुमच्या हातात यातली एक तरी पक्कड कधी दिली होती का? आठवून सांगा."

हे घास हातात धरून बसले. चिडतील असं वाटलं. मग म्हणाले, "पेटी मीच आणली होती. लिलावातून. फसवलं होतं मला."

"हो."

"परसात ओतली मी ती."

"हो. आणि उचलली कुणी?"

ते जेवले, उठले, हात धुतले. दुकानात जायला निघाले आणि उंबऱ्याशी थांबून माझ्याकडं न बघता म्हणाले, "फळी उतरवून आणवतो. लिहायचं ते लिहून घे रंगाऱ्याकडून. अध्यक्षांशी मी बोलेन." आणि जाता जाता पुटपुटले, "मला सांगितलं असतं तर मी कशाला..." पुढचं मला ऐकू आलं नाही. बहुतेक ते तुम्हालाच म्हणत होते.

कुलपाचं अजून बाकी आहे. अध्यक्ष म्हणतात, मुलं हत्यारं हरवतील. मी म्हणते, हरवू देत, आधी धरू तर देत. रोज निरोप जातो, रोज उलटा निरोप येतो. तुमच्या बाजूनं मी भांडते आहे, आणि खरं सांगू, मला अजूनही वाटतं की कुलूप बरं. पण ते माझं मत. हत्यारं तुमची आहेत.

काल रंगारी दुकानाच्या ओट्यावर फळी घेऊन बसला. जुनी अक्षरं खरवडून त्यानं पांढरा हात दिला होता. खडूनं रेघा आखल्या आणि तेलुगूत मराठी मिसळत मला विचारलं, "अम्मा, पेरू? नाव काय लिहायचं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. या घरात तुम्ही पार्वती. लग्नात ठेवलेलं नाव. पण एकदा, पटाशीला धार लावता लावता तुम्ही मला म्हणाला होतात, "पार्वती म्हनून कुनी हाक मारली की मला वळाया येळ लागतो गं. वाटतंय दुसऱ्या कुनाला बोलावत्यात." मी विचारलं, मग तुमचं काय? तेव्हा तुम्ही आजूबाजूला बघून, काही चोरून आणल्यासारखं, आईनं ठेवलेलं नाव सांगितलं होतंत.

मी रंगाऱ्याला तेच सांगितलं. त्यानं खडूनं लिहिलं: निंगव्वा यांनी जमवलेली हत्यारं. आणि ब्रश काळ्या रंगात बुडवला.

हे गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. फळीपुढं उभे राहून त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"निंगव्वा कोण?" त्यांनी मला विचारलं.

"तुमच्या वहिनी," मी म्हणाले.

रंगाऱ्यानं पहिलं अक्षर पुरं केलं, दुसरं केलं. मग हे त्याला म्हणाले, "बारीक होतंय. मोठं काढ. लांबून दिसलं पाहिजे."

मला बरं वाटलं, अक्का. खोटं कशाला बोलू. पण राग गेला नाही. पोरवयापासून तो माणूस तुमच्या हातचं जेवत आला, आजारात तुमच्या मांडीवर डोकं ठेवून निजला, आणि तुमचं नाव त्याला कळलं ते तुम्ही मातीत गेल्यावर, रस्त्यावर, एका रंगाऱ्याच्या ओल्या फळीवरून.